चार बोटांची जागा

मी खुर्ची बोलतेय. दचकू नका, निवडणुकीतली नाही. माझ्यासाठी कुणी पक्ष बदलला नाही की कुणाचे पाय धरले नाहीत. मी धरणगावच्या एका शिक्षकाच्या घरची, बाभळीच्या लाकडाची, दोन हातांची खुर्ची. सध्या शेजारच्या वच्छलाबाईच्या ओट्यावर असते आणि माझ्यावर तिच्या गोधड्या वाळतात.

बाभळीची खुर्ची कुणी करतं का, असं तुम्ही म्हणाल. पण मला घडवणारा झुलाल सुतार वखर-तिफणी अशी शेतीची अवजारं करणारा माणूस होता आणि त्याच्या दारात बाभूळच पडलेली असायची. अठ्ठावन्न साली देवचंद गुरुजींची शाळेतली नोकरी पक्की झाली, तेव्हा ते त्याच्याकडे गेले.

झुलालने विचारलं, "खुर्ची कोणले?"

"मन्हा बापले," गुरुजी म्हणाले.

झुलाल पंधरा दिवस आज-उद्या करत राहिला. शेवटी शाळेतल्या खुर्चीची मापं घेऊन त्याने मला केलं. हात नांगराचा, त्यामुळे मी बैलगाडीसारखी दणकट झाले आणि तितकीच जड.

गुरुजींचे वडील चिंधा आबा जन्मभर गावाच्या चावडीसमोर उकिडवे बसले होते. त्यांच्या जातीच्या माणसाला तिथे मांडी घालून बसायचीही सोय नव्हती. बोलावणं आलं की जायचं, लांब उकिडवं बसायचं आणि सांगतील ते काम ऐकून घ्यायचं. मला घरी आणलं त्या दिवशी गुरुजींनी त्यांना हाताला धरून माझ्यापुढे उभं केलं.

"बठ आबा."

आबा बसले. पण कसे? माझ्या काठावर, जेमतेम चार बोटं जागेत. कुणी ऊठ म्हटलं तर चटकन उठता यावं, असे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याकडे बघत ते गप्प रडत होते.

"मांगे टेकीसन बठ," गुरुजी म्हणाले. "आते कोनी उठाडस नही."

घरातली नवी सून द्रौपदाबाई दाराआडून हे सगळं बघत होती. तिला कुणी बस म्हटलं नाही. तेव्हा ते माझ्याही ध्यानात आलं नाही.

आबा गेल्यावर मी गुरुजींची झाले. माझ्यावर बसून ते वह्या तपासत, पेपर वाचत, लोकांचे अर्ज लिहून देत. द्रौपदाबाई खाली असायची. चुलीपुढे उकिडवी, भांड्यांपुढे उकिडवी, दिवाळीनंतर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला. मला ती रोज पुसायची, माझ्या पायांतली धूळसुद्धा बोट घालून काढायची. पण बसली कधीच नाही. नवऱ्यासमोर बाईने खुर्चीवर बसू नये, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिला येतच होतं.

गुरुजी वाईट नव्हते हो. बायकोवर त्यांनी कधी हात उगारला नाही, लेक लता हिला मॅट्रिकपर्यंत शिकवलं. सभेत समतेवर असे बोलायचे की माणसं माना डोलवायची. मग घरी येऊन माझ्यावर टेकायचे आणि ती खाली बसून पाण्याचा तांब्या पुढे करायची. त्या दोघांनाही त्यात काही खटकत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मलाही नाही. मी गुरुजींची खुर्ची म्हणून तोऱ्यात होते.

अठ्ठ्याऐंशी साली गुरुजींना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि जीभ जड झाली. ज्यांच्या आवाजाने चौथीचा वर्ग चिडीचूप व्हायचा, त्यांना पाणी मागायला घाम फुटू लागला.

तेव्हापासून रोज सकाळी द्रौपदाबाई त्यांचा डावा हात आपल्या गळ्यात घ्यायची, एक-दोन-तीन म्हणायची आणि खाटेवरून उचलून त्यांना माझ्यात बसवायची. मी दारात उन्हाला. रस्त्याने जाणारे जुने विद्यार्थी हात जोडायचे, "नमस्कार गुरुजी." तेवढा एक तास ते गुरुजी असायचे. बाकीचा दिवस नुसते आजारी माणूस.

तिचे गुडघे मात्र त्याच्या आधीपासूनच बोलत होते. पाय धनुकलीसारखे वाकले होते. रुईची पानं बांधून झाली, मोहाचं तेल चोळून झालं, तापल्या विटेचा शेक झाला. खालून उठताना ती एक हात भुईला लावायची, दुसरा माझ्या हातावर, आणि ओठ दाबून वर यायची. गुरुजींना ऐकू जाऊ नये म्हणून ती कण्हतही नसे. गुडघा मात्र कट्‌कन वाजायचा, त्याला कोण आवरणार?

मुलगा मोतीलाल जळगावला सरकारी कचेरीत कारकून. गुरुजींना तो नाना म्हणायचा. आला की एकच सांगायचा. "आई, तुझ्याच्यानं आता होत नाही. नानांना दोंडाईच्याला लताकडे ठेवू. तू माझ्याकडे चल."

"तुन्हा नाना तठे आनि मी आठे? मंग कसाले जगनं?" ती म्हणायची. "मी उचलस ना त्यास्ले. ज्या दिनले नही उचलता येवाव, त्या दिनले देखूत."

तो दिवस एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात आला. गुरुजींना माझ्यातून उचलताना तिचा गुडघा मध्येच अडकला. धड वाकेना, धड सरळ होईना. दोघंही माझ्यासकट कोसळली आणि माझा उजवा हात मोडला. तिला उठता येईना, त्यांना तर येणारच नव्हतं. सकाळी आठापासून ती दोघं तशीच भुईवर पडून होती. ती पदराने त्यांच्या तोंडावरच्या माश्या वारत होती. मध्येच विचारायची, "लागनं का?" ते मान हलवायचे. दुपारी वच्छलाबाई "अक्का, अक्का" करत विरजण मागायला आली, तेव्हा कुठे सुटका झाली.

त्या चार तासांत गुरुजींचं तोंड तिच्या गुडघ्यांशी होतं. नऊवारी वर सरकली होती. आपल्या बायकोचे गुडघे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिले, सुजून वेडेवाकडे झालेले. ते नजर काढत नव्हते.

मग तिला धुळ्याला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जास्त. गुडघ्याखालचं हाड थोडं कापून पाय सरळ करावा लागेल, दीड-दोन महिने प्लास्टर. तिने एवढंच विचारलं, "मंग माले मानूस उचलता येई का?" डॉक्टर म्हणाले, सांभाळलंत तर येईल. ती लगेच हो म्हणाली.

दिवाळीनंतर गुरुजींना दोंडाईच्याला पोहोचवलं, तिला धुळ्याला नेलं आणि घराला कुलूप लागलं. झुलालच्या मुलाने माझ्या मोडल्या हाताला लोखंडी पट्टी ठोकून दिली होती. तो ठणका घेऊन मी अकरा आठवडे अंधारात एकटी उभी होते. माझ्या अंगावर धूळ साठली आणि ती पुसायला कुणी आलं नाही. उंदरांशिवाय कुणाचं पाऊल वाजलं नाही.

तिचे तिथले दिवस मला नंतर कळले. आजूबाजूच्या खाटांजवळ कुणी ना कुणी बसलेलं असायचं. तिच्याजवळ शनिवारी मोतीलाल, एरवी कुणी नाही. लताचं दर आठवड्याला कार्ड यायचं. "नाना जेवतात. दाराकडे बघत बसतात." ते कार्ड ती नर्सकडून पुन्हा पुन्हा वाचून घ्यायची आणि उशीखाली ठेवायची.

ती परतली तेव्हा उजवा पाय सरळ झाला होता, हातात काठी होती आणि डॉक्टरांची ताकीद सोबत होती. खाली बसायचं नाही, उकिडवं तर मुळीच नाही. बसायचं ते खुर्चीवर. नाहीतर केलेलं सगळं वाया जाईल. मोतीलालने स्टोव्ह टेबलावर मांडून दिला. गुरुजींना दोंडाईच्याहून आणलं. दुसऱ्याच सकाळी तिने वच्छलाबाईला जवळ उभं केलं, एक-दोन-तीन म्हटलं आणि नवऱ्याला उचललं. पाय टिकला. तिचा चेहरा त्या दिवशी नवरीसारखा झाला होता.

पण खोड कुठे जाते? गुरुजींना भरवायची वेळ झाली की बाई तेलाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसायची. मी दोन हातांच्या अंतरावर रिकामी उभी. डबा डगडगायचा. तिसऱ्या दिवशी तो सटकलाच. तिने खाटेचा पाय धरला म्हणून वाचली. वरण मात्र सगळं सांडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उचलायला गेली, तर गुरुजींनी डाव्या हाताने खाटेची कड घट्ट धरली. माझ्यात बसायला नकार. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्याही. रस्त्यावरचे नमस्कार बंद झाले. पडून पडून पाठ लाल होऊ लागली. वच्छलाबाई हळूच म्हणाली, "गुरुजीस्नी आशा सोडी दिनी वाटस."

पाचव्या दिवशी द्रौपदाबाई रडली. पडली तेव्हा रडली नव्हती, हाड कापलं तेव्हाही नाही. "आते मी उचली सकस, तरी तुम्ही बठतस नही. मंग मी हाऊ पाय कसाले कापी लिधा?"

गुरुजींनी डावा हात उचलला. आधी माझ्याकडे बोट केलं, मग तिच्याकडे. तोंडातून शब्द बाहेर यायला किती वेळ लागला असेल, मला सांगता येणार नाही. कपाळाची शीर फुगली होती.

"तू... बठ."

"मी?" ती मागे सरली. "तुमनी खुर्ची शे ती."

त्यांनी मान हलवली. "तू बठ. मंग... मी."

आणि द्रौपदाबाई बसली. डोक्यावरून पदर पुढे ओढून, माझ्या काठावर, चार बोटं जागेत. ते बसणं मी लगेच ओळखलं. चौतीस वर्षांपूर्वी आबा अस्सेच बसले होते. गुरुजींनीही ओळखलं असणार. वडिलांना त्यांनी हाताला धरून बसवलं होतं. बायकोला बस म्हणायला त्यांना अर्धं अंग गमवावं लागलं. ते रडत होते आणि रडता रडता म्हणाले, "मांगे... टेक."

ती टेकली नाही. पण त्या दिवशी तिने उचललं, तेव्हा गुरुजी मुकाट्याने माझ्यात बसले.

पुढची दोन वर्षं तशीच गेली. सकाळचा तास त्यांचा, बाकीचा दिवस तिचा. ती माझ्यावर बसून भाजी निवडायची, त्यांना भरवायची, दोघं दाराबाहेर बघत राहायची. ती खुर्चीवर, ते खाटेवर, डोळे एका उंचीवर. लग्नाला पस्तीसेक वर्षं झाल्यावर त्यांना समोरासमोर बघायला सापडलं. रोज ते म्हणायचे, "मांगे टेक." ती म्हणायची, "हा हा," आणि काठावरच बसायची.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत एका दुपारी झोपेतच गुरुजी गेले. पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळे सतरंजीवर बसले होते, ती एकटी माझ्यावर. एक वयस्कर नणंद कुजबुजली, "देख, कशी खुर्चीवर बठनी." द्रौपदाबाईने ऐकलं आणि ती उठली नाही.

नंतर ती आणि मी. ती रिकाम्या खाटेकडे तोंड करून बसायची. डावा गुडघा तसाच राहिला होता. मोतीलाल म्हणाला, तोही करून घेऊ. ती म्हणाली, "आते कोणले उचलनं शे?"

शहाण्णव साली मोतीलाल तिला न्यायला आला. मला न्यायचं म्हणाली, तर तो हसला. "आई, तिथं सहा खुर्च्या आहेत, नव्या, प्लास्टिकच्या. ही बैलगाडी कुठे ठेवू?" रिक्षा दारात थांबली होती. तेव्हा ती माझ्याजवळ आली, बसली आणि पाठ मागे टेकली. पूर्ण टेकली, डोळे मिटून. आयुष्यात एकदाच. मग लोखंडी पट्टीवर हात दाबून उठली आणि गेली.

त्याला आता दोन वर्षं झाली. या उन्हाळ्यात वच्छलाबाई लग्नासाठी जळगावला गेली होती, तेव्हा त्यांच्याकडे डोकावून आली. माझ्यावर गोधडी टाकता टाकता सुनेला सांगत होती, "सहा खुर्च्या शेतस तठे. बठ्ठा जन टीव्हीपुढे खुर्च्यास्वर बठतस. आनि अक्का दारजोडे, चपलास्पान, भुईवर."

"काबर? खुर्ची शे ना?"

"शे ना. पन तिले कोनी बठ म्हनस नही."

मोतीलाल वाईट नाही, बापासारखाच आहे. त्याला दिसेलही कधीतरी. पण बापाला दिसायला भुईवर पडावं लागलं होतं, याची मला भीती वाटते. तिचा तो कापलेला पाय अजून किती दिवस भुईवर टिकेल?

मला चार पाय आहेत, पण चालता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणी जळगावला गेलात तर पिंप्राळ्याच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर, दाराशी उजवा पाय लांब करून बसलेली एक म्हातारी दिसेल. खुर्ची नुसती सरकवू नका, ती "राहू द्या" म्हणेल. तोंडाने म्हणा, "बठ अक्का." ती काठावर बसेल, चार बोटं जागेत. मग म्हणा, मागे टेक.

ती टेकणार नाही. तरी म्हणा. गुरुजी रोज म्हणत होते.