मागच्या भिंतीच्या तीन फळ्या

"पाणी समोरून आलं की मागून?" ब्रेटने तिसऱ्यांदा विचारलं.

वेन्झूने माझ्याकडे पाहिलं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात उत्तर येत नसलं की हा माणूस माझ्याकडे पाहतो, आणि मलाही येत नसलं की मी छताकडे पाहते. घरात सध्या तेवढंच कोरडं होतं.

"आधी समोरून," वेन्झू म्हणाला. "मग सगळीकडंच झालं. घरात शिरल्यावर पाण्याला कसली पुढची बाजू न् कसली मागची?"

"विम्याला असते," ब्रेट म्हणाला.

ब्रेट विमा कंपनीचा सर्व्हेअर, तिशीतला. पोरगा वाईट नव्हता. मी दिलेला तेल-टोमॅटो लावलेला पाव त्याने गाळात उभं राहून मुकाट्याने खाल्ला आणि बोटंही चाटली. पण त्याचा प्रश्न सोपा होता, आणि आमच्याकडे सोपं असं काही उरलं नव्हतं.

आमच्या पॉलिसीत पावसाचं पाणी होतं. रस्त्यावरून, छपरावरून, तुंबलेल्या गटारातून येईल ते. ओढ्याचं पाणी नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कंपनीचं पत्र आलं, त्यात ओढ्यासाठी मागितलेला जादा हप्ता वाचून वेन्झूने चष्मा पुसला, परत वाचला आणि त्या चौकटीवर काट मारली. "माझा बाप चाळीस वर्षं या ओढ्याच्या कडेला फ्लॉवर पिकवत होता," तो म्हणाला. "ओढा काय मला नवा आहे?"

खरंच नव्हता. ही सगळी वसाहत माझ्या सासऱ्यांच्या शेतावर उभी आहे. माल्टा बेटावरून या देशात आल्यावर त्यांनी इथं पहिल्यांदा नांगर घातला. ते गेल्यावर भावांनी जमीन बिल्डरला विकली, शेताचे रस्ते झाले, रस्त्यांना पक्ष्यांची नावं मिळाली. वेन्झूने एकतीस वर्षं नगरपालिकेची झाडूगाडी चालवून जे साठवलं, त्यातून त्याच शेतात एक घर विकत घेतलं. नेमकं तिथं, जिथं फ्लॉवरच्या पेट्या भरायची शेड होती. बापाचीच जमीन बिल्डरने लावलेल्या किमतीला परत घेणारा शहाणा म्हणून भाऊ अजून त्याला हसतात. मीही हसले होते. पण संध्याकाळी परसात खुर्ची टाकून तो ओढ्याकडे बघत बसायचा, तेव्हा त्याच्या तोंडावर जे समाधान असायचं, ते मी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही.

गुरुवारी काय झालं ते मी सांगू शकते, पण त्याचा अर्थ सांगू शकत नाही. तीन दिवस पाऊस कोसळत होता. दुपारी रस्त्यावरची गटारं भरली आणि पाणी आमच्या दारासमोरच्या तीन पायऱ्यांपैकी दुसरीपर्यंत आलं. मी फोटो काढून मुलीला, रोमिनाला, पाठवला. वेन्झू पहार घेऊन मागे गेला. परसाच्या शेवटी जाड लाकडी फळ्यांची भिंत आहे, तिच्यापलीकडे उतार आणि ओढा. शेजारच्या कुंपणालगतच्या कोपऱ्यातल्या तीन फळ्या त्याने काढल्या. सासरे हेच करायचे. फ्लॉवरला पाण्यात उभं ठेवायचं नाही, बांध खालच्या कोपऱ्यात उघडायचा, पाणी ओढ्याला जातं.

आणि गेलं की. घराच्या कडेनं परसात, तिथून भोकातून ओढ्यात; दहा मिनिटांत पायऱ्या उघड्या पडल्या. वेन्झू पावसात कमरेवर हात ठेवून उभा होता, अगदी बापासारखा. मग पाणी वाहायचं थांबलं. थोडा वेळ नुसतं उभं राहिलं. मग त्याच भोकातून ते माघारी आलं, तपकिरी, पाचोळ्यासकट, आणि आमच्या छातीइतकं चढलं. ओढा असा कधी आला नव्हता. पण पलीकडच्या काठावर गेल्या वर्षी नवी वसाहत झाली आहे, दोन पुरुष उंच भराव घालून. पूर्वी ओढा तिकडे पसरायचा. आता त्याला जायला आमचीच बाजू राहिली. हे आम्हाला नंतर कळलं, आणि नीट कळलं असंही नाही.

त्या तीन फळ्या वेन्झूने शेडमागे नीट रचून ठेवल्या होत्या. शनिवारी तो झोपलेला असताना मी त्या उचलल्या आणि फुटपाथवरच्या खराब सामानाच्या ढिगात, गादीखाली टाकल्या. नगरपालिकेचा ट्रक सोमवारी येणार होता; ब्रेट त्याच्या आदल्या दिवशीच आला. मी खोटं काहीच बोलले नव्हते. फक्त फळ्या उचलल्या होत्या.

"बरं, मागची बाजू बघू या," ब्रेट म्हणाला.

मागे शेजारची नहरीन कडेवर बाळ घेऊन उभी होती. मधलं कुंपण पुरात आडवं झालं होतं, त्यामुळे आमचं परस आणि तिचं आता एकच. ही इराकहून आलेली असीरियन पोर, सणवार न बघता दर रविवारी भरलेल्या द्राक्षाच्या पानांची ताटली देणारी. तिच्याही घरात आमच्याएवढंच पाणी शिरलं होतं. ब्रेटकडे तिचंही काम होतं. कर्ज देताना बँकेने तिला ओढ्याचा विमा घ्यायलाच लावला होता.

ब्रेट कोपऱ्यातल्या भोकाशी वाकला. मग नहरीनच्या बाजूला नव्याने ओतलेल्या काँक्रीटकडे पाहून म्हणाला, "हे कधी केलंत?"

"उन्हाळ्यात. माझ्या नवऱ्यानं, सारगोननं केलं. त्याचं टाइल्सचंच काम आहे ना."

"परवानगी?"

नहरीनने बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं.

"ते करताना भिंतीच्या फळ्या काढल्यात?"

"कुठल्या फळ्या?"

"इथं तीन नाहीत. ओढा इथूनच आत आलाय. विनापरवाना कामासाठी तुम्ही भिंत उघडी टाकली असेल, तर तुमचा दावा अडणार." मग तो वेन्झूकडे वळला. आवाज मवाळ केला. "तुमचं वेगळं आहे, लॉरेन्स. तुम्ही दाखवलेला दुसऱ्या पायरीपर्यंतचा फोटो आहे. रस्त्याचं पाणी चढत गेलं आणि घरात शिरलं. असंच ना?"

कागदावर वेन्झूचं नाव लॉरेन्स आहे. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मी त्याच्या पाठीकडे पाहत मनात म्हणत होते, म्हण, बाबा, एकदा म्हण.

"अंकल, आम्ही नाही काढल्या," नहरीन म्हणाली. "सारगोनला विचारा हवं तर. आंटी, तुम्ही तरी सांगा."

मी पायाने गाळ सारत राहिले.

"फळ्या मी काढल्या," वेन्झू म्हणाला.

ब्रेटचं लिहिणं थांबलं. "तुम्ही? कशाला?"

"पाणी बाहेर काढायला. बाप काढायचा."

"मग समोरचं पाणी?"

"उतरलं की. पायऱ्या मोकळ्या झाल्या. मागनं आलं ते शिरलं घरात."

ब्रेटने पेन खिशाला लावलं. "पाऊस तर चालूच होता. ते पुन्हा चढलंच असतं, नाही का?"

"चढलं असतं. नसतंही."

"लॉरेन्स, मी हे असं लिहिलं तर तुम्हाला काहीही मिळणार नाही. कळतंय ना तुम्हाला?"

"नाही," वेन्झू म्हणाला. "तीन दिवस मला काही कळत नाही. ओढा उलटा कसा आला कळत नाही, तुझी पॉलिसी कळत नाही. फळ्या मी काढल्या, तेवढं माहितेय."

"मला त्या दाखवाव्या लागतील. नाहीतर शेजाऱ्यांवरचा संशय जाणार नाही."

वेन्झू शेडमागे गेला. हात हलवत परत आला. "पॉलिना, फळ्या कुठायत?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी वर पाहिलं, तर तिथं छत नव्हतं, नुसतं निळं आभाळ होतं. मला माहीत नाही, असं म्हणणं किती सोपं होतं. मग घराच्या भिंती नव्या झाल्या असत्या, फरशी नवी झाली असती, संध्याकाळी त्याची खुर्ची परसात आली असती. नाहीतर आहे तसं विकून रोमिनाच्या गॅरेजात जाऊन राहायचं, सत्तरीला टेकलेल्या दोघांनी. मला वेन्झूचा राग आला. खूप आला. नहरीनच्या बाळाने तोंडात मूठ घातली होती आणि तेही माझ्याकडेच पाहत होतं.

"फुटपाथवर," मी म्हटलं. "गादीखाली."

वेन्झू वळला. तो ढिगाकडे गेला आणि भिजलेली गादी एकट्याने ओढायला लागला. ती हलेना. मी जाऊन दुसरं टोक धरलं.

फळ्या निघाल्या. प्रत्येकीच्या टोकाला चाकूने पाडलेल्या खाचा होत्या. एक, दोन, तीन. भर पावसात, पाणी पायऱ्या चढत असताना, या माणसाने खाचा पाडल्या होत्या, काढलेल्या फळ्या त्याच क्रमाने परत बसवायच्या असतात म्हणून. ब्रेटने खाचांचे फोटो घेतले. नहरीनला म्हणाला, तुमचं होईल. आमच्याशी हात मिळवले. पाव छान होता म्हणाला आणि गेला.

दुपारी आम्ही दोघांनी फळ्या परत बसवायला घेतल्या. पहिली बसली. दुसरी थोडं ठोकल्यावर बसली. तिसरी फुगली होती. वेन्झूने ती उलटी करून पाहिली, गुडघा लावून पाहिला, पण ती जाईना.

"वाळली की बसेल," तो म्हणाला.

किती दिवसांनी, ते मी विचारलं नाही. त्याने ती भिंतीला टेकवून उभी केली, खाचांचं टोक वर करून. आमच्यानंतर जो कोणी इथं राहायला येईल, त्याला दिसावं म्हणून.