खालचं टोक

सामान हलवणाऱ्यांच्या टोळीत त्याला सगळे पहिलवान म्हणत. कुस्ती त्याने जन्मात केली नव्हती, पण जिन्यावरून कपाट उतरवताना खालचं टोक कायम त्याच्याकडे असे. भार सगळा खालच्यावर येतो. तो "आहे" म्हणाला की वरच्याने पाऊल टाकायचं, "ठेव" म्हणाला की थांबायचं. पहिलवानाच्या तोंडून "ठेव" कुणी कधी ऐकलं नव्हतं. ऐट म्हणा, खुळेपणा म्हणा, पण तेवढ्यावर त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली होती.

गेल्या उन्हाळ्यात असाच "आहे, आहे" म्हणता म्हणता तो कपाटासकट खालच्या वळणावर येऊन पडला. कंबरेचं ऑपरेशन झालं. डावा पाय तेव्हापासून मनाला येईल तेव्हा बधिर होई. आज तपासणी होती. हे काम आता झेपणार नाही असं डॉक्टरांनी लिहिलं, तर कंपनीकडून भरपाई. झेपेल असं लिहिलं, तर सोमवारपासून पुन्हा जिना.

"तिथे खोटं बोलू नका," निघताना बायकोने बजावलं, "पण एकदाचं खरं तरी बोला!" नवऱ्याला ती चांगलीच ओळखून होती, म्हणून तिने आपल्या धाकट्या भावालाही सोबत धाडलं. हा मेव्हणा टोळीत त्याचाच जोडीदार. त्या दिवशीही वरचं टोक त्याच्याच हातात होतं, आणि कठडा धरून तो कसाबसा वाचला होता.

डॉक्टरबाईंनी जमिनीवरची पेटी उचलून टेबलावर ठेवायला सांगितली. पहिलवानाने हसत हसत ठेवली.

"दुखलं?"

"छे! एवढ्याशा पेटीने काय दुखायचंय?"

पडलो तरी नाक वर, तशातली गत. सदरा घामाने पाठीला चिकटला होता, पण छाती पुढेच. बाईंनी पेन उचललं.

मेव्हण्याने कपाळावर हात मारून घेतला. "बाई, पेटी काय, आमची ताईपण उचलेल. आमचं काम असं नसतं. ही तपासणीची खाट दोघं मिळून उचलून दाखवू का?"

बाई जरा घुटमळल्या. "हळू. दुखलं की लगेच थांबायचं."

खाट उचलली गेली. मेव्हण्याने आपलं टोक जिन्यावर धरतात तसं छातीशी घेतलं, तसा भार पहिलवानाकडे आला.

"आहे," तो सवयीने म्हणाला.

आणि डाव्या पायातली जाणीवच गेली. गुडघा लटपटायला लागला. त्याने दात आवळले. थोडाच वेळ तग धरायचा, मग सोमवारी टोळी म्हणेल, आला रे आपला पहिलवान!

"दाजी," मेव्हणा हळूच म्हणाला, "जिन्यावर वर मी असतो."

पहिलवानाने त्याच्याकडे पाहिलं. पडता पडता दिसलेले, कठड्याला आवळलेले मेव्हण्याचे ते दोन हात त्याला आठवले. आपल्या कंबरेचं सगळ्यांनी काळजीने विचारलं, त्या हातांचं कुणी विचारलं नव्हतं. त्यानेही नाही. खाटेचा भार त्याने सोसला असता, ही लाज मात्र सोसवेना.

"ठेव!" तो म्हणाला. चार मजले ऐकू जावं असा खणखणीत.

खाट टेकली. पहिलवान खुर्चीत बसला आणि पाय चोळत म्हणाला, "बाई, आता लिहा. पाय बधिर होतो. मघाशी पेटी उचलतानाही झाला होता. हे काम माझ्याच्याने होणार नाही. चांगलं ठळक लिहा!"

इतक्या रुबाबात "होणार नाही" म्हणणारा माणूस बाईंना पहिल्यांदाच भेटला असावा. त्या हसल्या, पाय नीट तपासला आणि तसंच लिहिलं.

बाहेर पडल्यावर जिना लागला. पहिलवान नेहमीच्या सवयीने पुढे झाला, पण मेव्हणा त्याच्या बाजूने निसटून एक पायरी खाली उतरला, वळला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

"आहे," तो म्हणाला.

पहिलवानाने पाऊल टाकलं.