रहिवासी छतावरील विमान त्वरित हटवावे

आकाश जिंकणारे पुरुष मनुष्यजातीच्या इतिहासात बोटांवर मोजण्याइतकेच झाले, आणि त्यांपैकी एक झाशीला खंडेराव गेटापाशी, दुसऱ्या मजल्यावर राहतो. भर वादळात त्याने आल्प्स ओलांडला आहे. एक इंजिन बंद पडलेलं असताना तो समुद्रातल्या चिमुकल्या बेटावर उतरला आहे. हिमालयातल्या धुक्यात नुसत्या काट्यांवर भरवसा ठेवून त्याने विमानभर प्रवासी सुखरूप खाली आणले आहेत. या सगळ्या पराक्रमांत त्याला खुर्चीवरून उठावं लागलं ते फक्त कुकर बंद करायला.

नारायणराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले होते. जन्मभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून, पुढे काय चाललंय ते कधीच न दिसलेल्या माणसाला म्हातारपणी एकदम सगळ्यांच्या पुढे बसावंसं वाटलं, तर त्यात नवल काय? मुलगा सुमेध नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर मागे राहिला, आणि त्यात हा विमान उडवण्याचा खेळ राहिला. नारायणराव त्यात रमले ते रमलेच. मात्र जुनी खोड गेली नाही. विमान धावपट्टीवर टेकलं की ते आधी मागे वळून बघत, शेपूट पूर्ण आली आहे की वाटेत कुठे सुटली.

या खेळाचं एक बरं होतं. तो कधी पुरा होत नसे. दर थोड्या दिवसांनी नवं अपडेट येई. एकदा ढग सुधारले, पुढच्या वेळी सुधारलेले ढग बिघडले म्हणून पुन्हा सुधारले. रेल्वेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे घरच्यासारखं वाटे. शिवाय जगभरचे हौशी लोक खेळात आपापली भर घालत. कोणी आपल्या गावचा विमानतळ, कोणी डोंगर, कोणी दीपगृह. अशा वस्तूला अॅड-ऑन म्हणत.

मूळ खेळात झाशी म्हणजे करड्या चौकोनांचा एक पुंजका होता आणि किल्ला म्हणजे टेकडीवर कोणी विसरलेला साबण. मग ‘चिरैया’ नावाच्या कोणीतरी झाशीचं अॅड-ऑन आणलं. किल्ला किल्ल्यासारखा झाला. माणिक चौकात ताडपत्र्या आल्या. स्टेशनावर फलाट आले. नारायणराव पहिल्यांदा शहरावरून उडाले तेव्हा त्यांना स्वतःची गच्ची दिसली, आणि त्यांचे डोळे पाणावले. डोळे पुसून त्यांनी लगेच चुका शोधायला घेतल्या.

त्यात त्यांचा दोष नव्हता. गार्डाचं कामच ते. दिसलेला बिघाड न कळवणारा गार्ड म्हणजे बिघाडच. त्यांनी ‘लालझेंडी’ हे नाव घेतलं आणि चिरैयाला कळवायला सुरुवात केली. ‘पाण्याची टाकी रस्त्याच्या उजवीकडे दाखवली आहे, ती डावीकडे आहे. कृपया दुरुस्ती करून त्वरित कळवावे.’ चिरैया म्हणजे चार मजली कचेरी, वातानुकूलित, तळाशी कँटीन, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. तिथला कोणी कारकून विनम्र उत्तर देई. पुढच्या अपडेटमध्ये टाकी डावीकडे जाई. नारायणराव सुखावत. नोकरीत असताना त्यांच्या एकाही मेमोने एकही टाकी हललेली नव्हती.

मग त्यांना ते विमान दिसलं.

ओरछा गेटाजवळच्या एका घराच्या छतावर एक छोटं पांढरं विमान उभं होतं. खाली धावपट्टी नाही, आजूबाजूला फक्त वाळत घातलेले कपडे. नारायणरावांनी तातडीने लिहिलं, ‘रहिवासी छतावर विमान चुकीने ठेवले गेले आहे. त्वरित हटवावे.’

उत्तर आलं, ‘ते तिथेच आहे.’

विनम्र कारकुनाकडून असलं उत्तर! नारायणरावांनी रीतसर स्थळपाहणी केली. स्कूटर काढून ओरछा गेटाच्या गल्लीत गेले आणि मान वर करून उभे राहिले. गल्ली इतकी अरुंद की वर आकाशाची एक चिंधी दिसे. शेवटी त्यांनी कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारलं, “भैया, यहाँ किसी की छत पर हवाई जहाज है क्या?”

पानवाल्याने चुन्याची काडी थांबवून त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “अब तो नहीं है, बाबूजी. धूप बहुत है, घर जाइए.”

‘प्रत्यक्ष पाहणीअंती विमान आढळले नाही,’ नारायणरावांनी कळवलं. उत्तर नाही. त्यांनी स्मरणपत्र धाडलं. उत्तर नाही. रेल्वेत दुसरं स्मरणपत्र लाल शाईने जातं. इथे लाल शाईची सोय नव्हती, म्हणून त्यांनी अॅड-ऑनला पाचापैकी एक तारा दिला आणि खाली लिहिलं, ‘ज्याला आपल्या गावात काय आहे आणि काय नाही हे ठाऊक नाही, त्याने गाव बनवू नये.’ हे वाक्य त्यांना फार आवडलं. त्यांनी ते बायकोला, कुसुमावतीबाईंना, वाचून दाखवलं नाही, एवढंच.

दोन दिवसांत अपडेट आलं. ‘छतावर नसलेलं विमान काढून टाकलं आहे,’ असं त्यात लिहिलं होतं. आणि त्याखाली: ‘चिरैयाचं काम बंद करत आहे. सर्वांचे आभार. लालझेंडी यांचे विशेष.’

नारायणरावांनी ‘विशेष’ शब्द तीनदा वाचला आणि त्या दिवशी जेवणात एक पोळी जास्त खाल्ली.

मंगळवारी कुसुमावतीबाई गणपतीच्या देवळातल्या भजनाहून आल्या त्या तापूनच. “अहो, ऐकलंत का? ओरछा गेटाच्या स्नेहलताची दिशा आठवते ना?”

“कोण दिशा?”

“देवेंद्रची लेक! तेराव्याला गेला नव्हतात का तुम्ही?”

गेले होते. दारातूनच नमस्कार करून परत आले होते.

“ती कम्प्युटरवर झाशी बनवत होती म्हणे. एकटी, नोकरी सांभाळून. त्या तुमच्या विमानाच्या खेळात. देवेंद्र पंजाबात बदलीवर होता ना, तिथे लोक छतावर विमानाच्या आकाराच्या टाक्या बांधतात. तशी त्याने स्वतः बांधली होती, सिमेंटची. जन्मात विमानात बसला नाही बिचारा, पण आंघोळीचं पाणी विमानातून यायचं! मागच्या पावसात छत गळायला लागलं म्हणून ती टाकी फोडून उतरवली. तर दिशाने खेळात ठेवली होती, बाबांची आठवण म्हणून. कोणी एक मेला लालझेंडी आहे, तो हात धुऊन तिच्या मागे लागला की काढ, काढ, आणि दर वेळी म्हणे ‘त्वरित कळवावे’. काढली पोरीने. आणि सगळंच सोडून बसली. कोण असेल हो हा लालझेंडी?”

“जग मोठं आहे,” नारायणराव म्हणाले.

“खडूस म्हातारा असणार कोणी.”

“असणारच.”

“त्याला घरात कोणी विचारत नसेल.”

“नसेलच,” नारायणराव म्हणाले. स्वतःच्या निंदेत इतक्या मनापासून सामील होण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. चार मजली कचेरी त्यांच्या डोळ्यांसमोर कोसळली, कँटीनसकट. त्या ढिगाऱ्यात एक मुलगी उरली, ऑफिसातून दमून येऊन त्यांच्यासाठी टाक्या उजवीकडून डावीकडे हलवणारी.

पानवाल्याचं ‘अब तो’ आता कुठे त्यांच्या कानात नीट शिरलं. तेव्हा त्यांनी त्यातलं फक्त ‘नहीं’ उचललं होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. ते विमान घेऊन शहरावर जात आणि ओरछा गेट आलं की तोंड फिरवत. एकदा धीर करून खाली पाहिलं. छत स्वच्छ, नियमानुसार, रिकामं. जन्मभरात आपल्या शब्दावर इतक्या तत्परतेने कोणी काही केलं असेल तर ते हेच, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी विमान वळवलं. एक तारा पुसून पाच करावेत म्हणून गेले, तर खाली लोकांनी ‘लालझेंडी’ला उद्देशून जे लिहिलं होतं ते त्यांना पुरतं वाचवेना. तारे पाच केले. छत तरीही रिकामंच राहिलं.

रविवारी कुसुमावतीबाईंनी बेसनाचे लाडू वळले आणि डबा नवऱ्याच्या हातात दिला. “चला, स्नेहलताकडे जाऊन येऊ. पोरगी जेवत नाही धड.”

“मी कशाला? बायकांत बायका...”

“डबा जड आहे.”

डबा जड नव्हता.

स्नेहलताबाईंनी दार उघडलं. “या भावोजी, आज वाट चुकलात!” दिशा आतून आली. तिशीच्या आतबाहेरची, डोळ्यांवर चष्मा, ओढणीला शाईचा डाग. “नमस्ते काकाजी. बसा ना.” तिला मराठी समजत होतं सगळं, बोलताना मात्र मध्येच हिंदी येऊन बसे.

चहा आला. कुसुमावतीबाई गुडघ्यांवर बोलल्या, स्नेहलताबाई गॅसच्या सिलिंडरवर बोलल्या. नारायणरावांनी मनाशी एक भाषण तयार केलं होतं. त्यात ‘अनवधानाने’ हा शब्द होता, ‘कर्तव्यबुद्धी’ होती, शेवटी तर देवेंद्रच्या स्मृतीला वंदन होतं. ते उभे राहिले. गार्डाची शिट्टी वाजवताना राहत तसे.

“दिशा,” ते म्हणाले, “लालझेंडी मी आहे.”

पुढचं भाषण आठवेना.

सिलिंडरचा विषय थांबला. दिशा त्यांच्याकडे बघत राहिली. “तुम्ही?”

“मी.”

“‘ज्याला आपल्या गावात काय आहे आणि काय नाही...’ ते तुम्ही लिहिलं?”

“मीच.” ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

“काकाजी, मी ते आईला वाचूनपण नाही दाखवलं. ऑफिस में बैठके रोई मैं.”

नारायणरावांनी बायकोकडे पाहिलं. आता वीज पडेल म्हणून खांदे आवळले. कुसुमावतीबाई शांतपणे लाडू ताटलीत काढत होत्या.

“मला मंगळवारीच कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “‘त्वरित कळवावे’ असं दूधवाल्याला चिठ्ठीत लिहिणारा माणूस झाशीत एकच आहे. म्हटलं, स्वतःहून बोलतात का बघू. रविवार उजाडला!”

“मग खडूस म्हातारा म्हणालीस ते?”

“ते खरंच होतं.”

दिशाला हसू आलं, ते तिने चष्मा पुसून लपवलं. नारायणराव मात्र हसले नाहीत. “बेटा, मला तू काही म्हण. पण ते विमान परत ठेव. मी लेखी देतो की ते तिथे आहे.”

“नाही होणार काकाजी. फाइल डिलीट केली.”

“नक्कल असेल ना?”

“गुस्से में कोण नक्कल ठेवतं?”

“फोटोवरून?”

“बाबा सगळ्यांचे फोटो काढायचे त्याच्यासमोर. पूर्ण विमान एकातपण नाही. पंखाच्या पुढे मामा उभे, शेपटीच्या पुढे मावशी. मी आधी टाकी वर होती तेव्हा मोजून बनवलं होतं.”

नारायणरावांना वाटलं, ही टाकी दोनदा फुटली, दुसऱ्यांदा आपल्यामुळे. पहिल्यांदा छत गळतंय म्हणून मजुरांनी फोडली, त्याला कारण तरी होतं.

“फोडलेले तुकडे कुठे टाकले?” त्यांनी हळूच विचारलं.

“टाकते कुठे?” स्नेहलताबाई म्हणाल्या. “भंगारवाला सिमेंट घेत नाही. मागच्या बोळात पडलंय सगळं. शेपटीवर मी तुळस ठेवलीय.”

नारायणराव मागच्या बोळात गेले ते जवळजवळ धावतच. भिंतीला टेकून एक पंख उभा होता. दुसरा दोन तुकड्यांत. पुढचं तोंड उपडं पडलेलं, त्यावर हाताने काढलेल्या गोल गोल खिडक्या, आणि एका खिडकीत एक चेहरा रंगवलेला. चष्मा आणि दोन वेण्या. बाकीच्या खिडक्या रिकाम्या होत्या. देवेंद्रने प्रवासी एकच घेतला होता.

नारायणरावांनी खिशातून टेप काढली. टेप त्यांच्या खिशात कशी, हा प्रश्न कोणी विचारला नाही. कुसुमावतीबाईंनी तर मुळीच नाही. ते गुडघे टेकून पंख मोजायला लागले आणि एकेक आकडा ओरडून सांगायला लागले, स्टेशन मास्तरला ऐकू जावा तसा. दिशा दारात बसून लॅपटॉपवर तो उतरवत गेली.

“काकाजी, तुटलेली कडा धरली का?”

“धरली.”

“पक्का?”

“बेटा, हवं तर कडक शब्दांत विचार.”

“मी एक तारा देईन तुम्हाला.”

“दे,” नारायणराव पंखाखालून म्हणाले. “वर ‘विशेष आभार’ मात्र लिहू नकोस. त्यांनी फार दुखतं.”

संध्याकाळ झाली तेव्हा लॅपटॉपवर ओरछा गेटाच्या छतावर एक पांढरा आकार उभा राहिला होता. अजून खिडक्या नव्हत्या, रंग नव्हता, पण नाक किल्ल्याकडे होतं. चौघं वाकून बघत होते. नारायणरावांचे हात सिमेंटने पांढरे झाले होते. आता काहीतरी बोलायला हवं, असं त्यांना वाटलं. ‘देवेंद्रच्या स्मृतीला’ इथपर्यंत ते मनातल्या मनात पोचलेही.

तेवढ्यात स्नेहलताबाईंनी पदराने डोळे टिपले आणि पडद्यावर बोट टेकवलं.

“दिशा, एवढं कर गं. झाकण लाव टाकीला. तुझे बाबा नेहमी उघडं टाकायचे, माकडं उतरतात पाण्यात.”