एकोणसाठचे चौदा खाडे

मित्रांनो, मी एक जुनी हजेरीवही आहे, आणि तुमच्यापैकी कुणाचाही चेहरा मला ओळखता येणार नाही. माझं आयुष्य टेबलावर उताणं पडण्यात गेलं. वर पाहिलं की पंखा दिसायचा आणि सरांची हनुवटी. बाकीचं जग मी ऐकलं. त्यामुळे कोण देखणं आणि कोण गबाळं हे मला विचारू नका. कोण किती दिवस आलं ते विचारा. तिथे माझी चूक निघणार नाही.

छापखान्यात माझ्या पानांवर निळ्या रेघा उमटल्या. बांधणीवाल्याने टोच्याने भोकं पाडून दोरा ओवला, तेव्हा मी फार कळवळले. मग पुठ्ठा चढला, कापडी पाठ चिकटली आणि दोन दिवस दाबाखाली काढल्यावर मी सरळ झाले. बांधणीवाला मला थोपटून बायकोला म्हणाला, "ही टिकेल बघ. पोरं किती टिकतात ते आता हिने मोजावं."

तो थट्टेने म्हणाला होता. मला वाटलं, काम नेमून दिलं.

कॉलेजात माझ्या अंगावर ऐंशी नंबर चढले. पहिल्या वर्षाचा नवा वर्ग. सर लाल पेन्सिलीने हजेरी घेत, तीही मान वर न करता. आला तर ‘ह’, नाही आला तर ‘गै’. ‘येस सर’ त्यांना खपत नसे. नंबर पुकारला की ‘हजर’ म्हणायचं, एकदाच, आणि गाडी पुढे.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. सरांनी "एकोणसाठ" पुकारलं. उत्तर नाही. त्यांनी ‘गै’ लिहिला. पुढे "एकोणसत्तर" म्हणाले, आणि दोन ‘हजर’ एकदम आले. एक घंटेसारखा खणखणीत. दुसरा डब्याचं झाकण हळूच उघडावं तसा.

"सर, वर्गात प्रतिध्वनी येतोय!" खणखणीत आवाज म्हणाला, आणि सगळा वर्ग खो-खो हसला.

"एक नंबर, एक माणूस," सर म्हणाले आणि सत्तरवर गेले.

मित्रांनो, तुम्हीही हसलात ना? आता खरं सांगा, एकोणसाठ म्हणजे पन्नास आणि नऊ की साठ आणि नऊ, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तर? चांगली शिकलेली माणसं इथे मनातल्या मनात बोटं मोजतात. त्या नव्या मुलीने ओळखपत्रावर ५९ वाचलं होतं आणि ती एकोणसत्तरची वाट बघत बसली होती. एवढीच तिची चूक.

पण त्या हसण्याने तिचा आवाज आत गेला, तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी "एकोणसाठ" म्हटल्यावर शांतता. तिसऱ्या दिवशी तीच. रिकाम्या बाकाची शांतता मला ठाऊक आहे, ती सपाट असते. ही तशी नव्हती. सत्तावन्न पुकारला की शेवटच्या बाकावर कुणाचा तरी श्वास भराभर व्हायचा. अठ्ठावन्नला पेनाचं टोपण पडायचं. एकोणसाठला श्वास पार थांबायचा, आणि साठचा ‘हजर’ आला की मग हळूच सुटायचा. तेवढ्यात माझ्या अंगावर ‘गै’ उमटलेला असायचा. पोरगी वर्गात आणि माझ्या हिशेबी बाहेर. मला तोंड असतं तर मीच ओरडले असते.

आणि ही चूक वाढत जाते. दहा दिवस गप्प बसलेल्याने अकराव्या दिवशी ‘हजर’ म्हटलं, तर सगळे वळून बघणार, इतके दिवस कुठे होतीस म्हणून. रोजची भीती आदल्या दिवसाच्या भीतीवर बसायची, आणि ढीग उंच व्हायचा.

चौदा ‘गै’ झाले त्या दुपारी मी ऑफिसच्या खिडकीत होते. एक बोट माझ्या पानावर आलं. गार, घामेजलेलं. एकोणसाठच्या ओळीवरून ते सरकत गेलं आणि मागे लाल ओल राहिली.

"अगं, पान भिजवशील," कारकूनबाई म्हणाल्या. "चौदा खाडे? आजारी होतीस का?"

"नाही."

"मग होतीस कुठे?"

"वर्गात."

बाईंचा चहाचा कप बशीवर टेकला. "वर्गात होतीस, तर सरांना सांग ना."

"तेच तर सांगता येत नाही."

"मैत्रिणीला सांग मग. ती बोलेल."

बोट पानावरून उचललं गेलं. मैत्रीणच नाही हे बाईंनाही कळलं असावं, कारण त्यांचा आवाज उतरला. "हे बघ बाळा, साठ तासांत पंधरा खाडे. पंधरावा पडला की घरी पत्र जातं. ते मी नाही थांबवू शकत."

"बाबा रागावणार नाहीत," ती म्हणाली. "ते शिंपी आहेत. निघताना म्हणाले, नाही जमलं तर परत ये, मशीन कुठे जात नाही."

"मग घाबरतेस कशाला?"

"म्हणूनच. पत्र गेलं की ते न्यायलाच येतील."

बाईंनी चौदा खाड्यांवर पोचलेले नंबर फलकावर लावले. नुसते नंबर, नावं नाहीत. ते वाचायला आली रेडिओ.

रेडिओ म्हणजे एकोणसत्तर नंबर, तो खणखणीत आवाज. तिच्या गळ्यात सगळी केंद्रं लागत. मैत्रिणी सिनेमाला गेल्या की बावीससाठी जाडा आवाज, चाळीससाठी नाकातला, असं करून ती सगळ्यांची हजेरी लावून टाकायची. मला कळत होतं. पण माझं कोण ऐकतं?

"ही एकोणसाठ कोण गं? एक दिवसही नाही आली," ती फलकापुढे म्हणाली. "बिचारी अंथरुणाला खिळली असणार. उद्या मी बोलते तिच्यासाठी."

तिला काय ठाऊक, ती बिचारी रोज तिच्याच मागच्या बाकावर बसते!

पंधराव्या दिवशी अठ्ठावन्नला टोपण पडलं नाही. श्वास भरून घेतल्याचं मी ऐकलं. आज पोरगी बोलणार होती, माझी खात्री आहे.

"एकोणसाठ."

"हजर!" रेडिओ म्हणाली.

भरलेला श्वास तसाच विरला. सरांनी ‘ह’ लिहिला. पण त्या दिवशी रेडिओला सर्दी होती आणि तिची सगळी केंद्रं एकाच आवाजात लागत होती. "एकोणसत्तर" झालं, पुन्हा तोच चोंदलेला ‘हजर’ आला, आणि सरांची पेन्सिल थांबली. हनुवटी वर गेली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच, असं मागचे बाक नंतर म्हणाले.

"हा आवाज मी आत्ताच ऐकला. एकोणसाठची हजेरी कुणी लावली?"

मग एक बाक करकरला.

"मी, सर. ती आजारी आहे."

"काय झालंय?"

"टायफॉइड."

"तू बघून आलीस?"

"हो सर. फारच वाळलीय."

सरांची पेन्सिल मागे आली आणि त्या ‘ह’च्या डोक्यावर टेकली. टोक मला रुतत होतं. "खोटी हजेरी. दोघींच्या घरी पत्र जाईल. आणि याच्यावर आता काट मारतो."

मित्रांनो, काट मारताना आधी टोक जरा दाबलं जातं. ते दाबलं गेलं. आणि तेवढ्यात मागे पाण्याची बाटली पडली, गडगडत पार फळ्यापर्यंत आली, आणि तिच्यामागून डब्याच्या झाकणाचा आवाज आला.

"हजर."

"कोण बोललं?"

"मी आहे सर. एकोणसाठ." आवाज थरथरत होता, शब्दांमध्ये दात वाजत होते. "मला टायफॉइड नाही."

वर्ग फुटलाच. पण या वेळचं हसू वेगळं होतं. ते रेडिओवर होतं, आणि रेडिओ स्वतः सगळ्यांत मोठ्याने हसत होती.

"अगं बाई, प्रतिध्वनी! तूच का ती?"

"चौदा दिवस कुठे होतीस?" सरांनी विचारलं.

"इथेच."

"पुरावा?"

"माझ्याकडे आहे सर!" रेडिओ म्हणाली. "मागून रोज हिच्या पेनाचं टोक माझ्या पाठीला लागतं. हा शर्ट बघा, पाठभर शाईचे ठिपके. मला वाटायचं पेन गळतंय. पोरगी कापतेय हे आत्ता कळलं."

सर उठून गेले. ठिपके मोजले की नाही ते मला दिसलं नाही. परत आले तेव्हा मात्र पेन्सिल त्या ‘ह’वरून उचलली गेली.

"मागचे चौदा मी खोडणार नाही. झालेल्या दिवसांची खाडाखोड माझ्या वहीत नसते. आता एकही चुकवू नकोस. आणि एकोणसत्तर, हजर माणसाची खोटी हजेरी लावल्याची शिक्षा नियमांत सापडत नाही. टायफॉइडची मी शोधतो. तोवर तिच्या शेजारी बस, आणि तिच्यासाठी तोंड उघडू नकोस."

भीती एका दिवसात गेली नाही. अठ्ठावन्नला टोपण अजून पडायचं, पण आता शेजारून कुजबूज यायची, "म्हण गं, मी नाही म्हणणार हं." आणि ती म्हणायची.

सर कॉलेजचं नाटक बसवत. तालमीची हजेरी माझ्या मागच्या कोऱ्या पानांवर असे. एकदा रेडिओ तिला ओढूनच घेऊन आली. "सर, हिचा आवाज शेजारच्या बाकापर्यंत जातो, पुढे जात नाही."

"असं माणूस मी कधीचा शोधतोय," सर म्हणाले. नाटकात कुणी वाक्य विसरलं की विंगेतून ते सांगणारं माणूस लागतं. नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. एकोणसाठ त्या खुर्चीवर बसली. वाक्यं सगळ्यांत जास्त रेडिओच विसरायची, म्हणून दोघींना एकमेकींवाचून करमेना.

मग एक दिवस "एकोणसत्तर"ला शांतता आली. सपाट, रिकाम्या बाकाची. अख्खा वर्ग वाट बघत राहिला. रेडिओने आजवर निम्म्या वर्गाची हजेरी लावली होती. आता तिच्यासाठी कोण?

"गैरहजर, सर," मागून आवाज आला. सगळ्यांना ऐकू जाईल इतका. "तिला ताप आहे. मी संध्याकाळी डबा घेऊन जाणार आहे."

"टायफॉइड?"

"नाही सर. खरा ताप."

सरांनी ‘गै’ लिहिला. इतक्या हलक्या हाताने त्यांनी माझ्यावर कधी काही लिहिलं नव्हतं.

आता त्या वर्गाच्या दारावर अंगठा लावायचं यंत्र आहे. मी कपाटाच्या खालच्या फळीवर आहे, पाठीचं कापड सुटलंय, कडा वाळवीने चाखून पाहिल्यात. मला रद्दीत घालू नका, असं मी म्हणणार नाही. ते वेळ येईल तसं होईल. फक्त त्याआधी एकदा एकोणसाठची ओळ वाचा. चौदा ‘गै’, मग सेहेचाळीस ‘ह’. मधे वाळलेल्या लाल ओलीचा डाग.

आणि मित्रांनो, तुमच्या वर्गात कुठल्या नंबरला उत्तर येत नसेल, तर त्याला आजार चिकटवण्याआधी एकदा मागे वळून बघा.