कागदावरचा ब्रेक

आपल्याकडे कोणी जुनी गाडी घेतली की लोक तिच्याभोवती फिरून काय विचारतात, सांगू? ॲव्हरेज किती देते, गाण्याचा आवाज कसा आहे, अन् पार्टी कधी! ही गाडी थांबते का, हे विचारणारा माणूस हजारात एखादा निघाला तर निघाला. आणि निघालाच, तर त्याला अपशकुनी म्हणून गप्प करायला बाकीचे कंबर कसून तयार असतात.

आरमोरीजवळच्या एका गावात, प्रवीणच्या घरी, हा प्रश्न विचारला त्याच्या बायकोनं, मयुरीनं.

प्रवीण हाडाचा ड्रायव्हर. आजवर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, दुसऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. आपली स्वतःची गाडी असावी, आरमोरीच्या बाजाराला आपण सवारी भरून न्यावी, कोणाला 'मालक' म्हणायची पाळी येऊ नये, एवढंच त्याचं स्वप्न. शेवटी चंद्रपूरच्या एका ठेकेदाराकडे बाभळीखाली पडून असलेली जुनी डिझेल जीप त्यानं विकत घेतली. जीप कसली, नुसता सांगाडा! सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला, बॅटरी मेलेली, पत्र्याला जागोजागी गंज. ट्रकवर टाकून ती आरमोरीला सुकलू मिस्त्रीच्या गॅरेजात आणली. तिथं नोझल साफ झाले, डिझेलचा पंप उघडून दुरुस्त झाला, इंजिन तापवणारे हीटर नवे बसले. प्रवीण रोज तिथं जाऊन मिस्त्रीच्या हाताखाली राबला. अन् एका दुपारी सेल्फ मारल्यावर जीप खोकली, थरथरली आणि काळाभोर धूर सोडून जी सुरू झाली, तेव्हा या गड्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"इंजिन झालं, भाऊ," सुकलू हात पुसत म्हणाला. "आता बिरेक. मास्टर सिलिंडर गळून राह्यलं, लायनर पुरे घासले. गाडी ठेवून जा इथी."

"दोनदा पायानं पंप मारला की लागते नं?"

"लागते. पण दुसरा पंप माराले वेळ भेटला तं!"

प्रवीण हसला. शिवरात्र तोंडावर आली होती, आणि साऱ्या मोहल्ल्याला मार्कंड्याच्या जत्रेला आपल्या गाडीतून न्यायचं त्यानं कबूल केलं होतं. "जत्रेहून आलो की करतो," म्हणाला. हेच ते वाक्य, मंडळी! लग्न उरकलं की करतो, हंगाम निघाला की करतो, जत्रेहून आलो की करतो. पण सीट कव्हर? ती लगेच आली, लाल मखमलीची. साउंड आला. समोर निळे दिवे आले. मागच्या काचेवर 'आई-बाबांचा आशीर्वाद' आला. आणि प्रवीणच्या मोठ्या बापानं, म्हणजे थोरल्या चुलत्यानं, मुखरूबुवानं, "गाडी घेतली अन् बकरा नाई? लोक काय म्हणतीन?" असं म्हटल्याबरोबर बकराही आला. अर्धं गाव जेवून गेलं. ब्रेकचं सामान तेवढं आलं नाही, कारण ब्रेक काही कोणाला दिसत नाहीत.

सवारीची गाडी म्हटली की तिचं पासिंग हवं. तो भार प्रवीणचा मित्र अश्विन यानं उचलला. अश्विनचा धंदाच तो. कोणाचं लायसन, कोणाचा विमा, कोणाचं पासिंग, असली कामं तो घरबसल्या करून देई.

"गाडी कधी न्याची?" प्रवीणनं विचारलं.

"न्याची काऊन? आपला माणूस आहे. फोटो पाठव, बस्स."

आणि खरंच, गाडी अंगणातून तसूभरही हलली नाही आणि पासिंगचा कागद घरी आला! गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे, असं त्यावर लिहिलेलं. प्रवीणनं तो प्लास्टिकमध्ये मढवून घेतला.

मयुरीनं कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. बारावी शिकलेली बाई, साध्याच गोष्टी विचारायची तिला खोड.

"अवो, गाडी तं इथीच उभी होती. मंग तपासली कोणं?"

"सिस्टीम असते तशी."

"बिरेक लागते का पण?"

"लागते ना बाप्पा! दोनदा पंप माराव लागते, एवढंच."

"अन् समोरून पोट्टं पळत आलं तं त्याले सांगसान का, थांब रे, मी दुसरा पंप मारतो म्हणून?"

ओट्यावर बसलेले मुखरूबुवा खो खो हसले. "सूनबाई, भाजीत मीठ किती टाकाचं थे पाहा. गाडीतलं बाईमाणसाले काय समजते?" प्रवीणही हसला. त्या हसण्यानं मयुरीच्या जिव्हारी घाव बसला. उठून आत गेली.

शिवरात्रीची सकाळ उजाडली. जीपला झेंडूचा हार, समोर लिंबू-मिरची, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक. मखमलीच्या सीटवर माणसं अशी कोंबली होती की दार लावायला बाहेरून ढकलावं लागलं. बाया, लेकरं, भाकरीची गाठोडी. पुढच्या सीटवर प्रवीणची आई शकुबाई, आणि तिच्या मांडीवर प्रवीणची चिमुकली रिना, नव्या फ्रॉकात, हॉर्न वाजवायचा म्हणून हटून बसलेली. गडचिरोली, चामोर्शी करत दुपारच्या आत मार्कंड्याला पोचायचं होतं.

रिवाजाप्रमाणे चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ फुटला. मुखरूबुवा ओरडले, "हं, घे समोर! लिंबं फोड अन् थांब!"

प्रवीणनं चाकांपुढं लावलेले दगड काढायला लावले, गाडी पुढं घेतली. लिंबं फुटली. त्यानं ब्रेक दाबला.

गाडी थांबली नाही! अंगणाचा उतार होता, आत माणसं खच्चून भरलेली. प्रवीणनं दुसऱ्यांदा पाय मारला, तिसऱ्यांदा मारला, हँडब्रेक ओढला, तो तर नुसता हातात आला. गाडी रस्ता ओलांडून गेली, बांधलेली बकरी उडी मारून बाजूला झाली म्हणून वाचली, आणि समोरच्या तणशीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात तोंड खुपसून जीप एकदाची उभी राहिली.

आणि मग काय झालं असेल, सांगा पाहू? कोणी घाबरलं? कोणी खाली उतरलं? छे! मुखरूबुवांनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "शुभ शकुन! पाहा, मार्कंडादेवानंच वढून घेतली! गाडीलेच दर्शनाची घाई झाली!" सगळे हसायला लागले. बायांनी टाळ्या वाजवल्या. कोणी मोबाईलवर फोटो काढला. वा रे आपली माणसं! गाडी थांबत नाही यातही ज्यांना देवाची कृपा दिसते, त्यांना वाचवायला देवानं तरी किती वेळा धावायचं?

प्रवीण मात्र हसला नव्हता. त्याच्या पाठीवरून घामाची धार गेली होती. तरी त्यानं गाडी मागं घेतली, दारापुढं लावली, कोणीतरी चाकाखाली पुन्हा दगड सरकवले. "चलू ना मंग?" अश्विन मागून ओरडला.

तेवढ्यात मयुरी अंगणातून चालत गेली, रस्ता ओलांडला आणि तणशीच्या ढिगापाशी, गाडीच्या बरोबर समोर, पदर खोचून उभी राहिली.

"मयुरी, बाजूला हो," प्रवीण म्हणाला.

"काऊन? बिरेक लागते नं?"

"लागते म्हणलं नं!"

"मंग आना गाडी. माह्यापर्यंत आना, अन् थांबवा. थांबली तं मी सोता येऊन बसतो गाडीत, अन् पुन्हा कधी तोंड नाई उघडत."

गर्दीत कुजबुज झाली. मुखरूबुवांचा पारा चढला. "जत्रेले जाताना आडवी येते! असा अपशकुन कोणी करते का, बाई?"

"अपशकुन आत्ता झाला, मोठेबाबा, तुमच्या डोळ्यासमोर झाला! गाडी तणशीत घुसली. तिथी तणस नसती, पोट्टे खेळत असते तं? देव येऊन बिरेक दाबन का?"

"वहिनी, कायले तमाशा करता?" अश्विननं पुढं येऊन काचेमागचा मढवलेला कागद दाखवला. "पासिंग आहे नं गाडीचं. सरकारी कागद आहे!"

"मंग थो कागद चाकाखाली लावा, दगडाच्या जागी!" मयुरी कडाडली. "अन् काढा दगड! पाहू कागदानं गाडी थांबते का!"

कोणी हसलं नाही आता. शकुबाईनं रिनाला मांडीवरून उतरवलं, शेजारणीच्या कडेवर दिलं. स्वतः दाराला धरून, गुडघ्यावर हात टेकत खाली उतरली. सगळ्यांना वाटलं, सासू आता सुनेला ओढून आणते. म्हातारी हळूहळू रस्ता ओलांडून गेली आणि मयुरीच्या शेजारी उभी राहिली.

"माय, तू काऊन?" प्रवीणचा आवाज चिरकला.

"तिनं तुले किती डाव विचारलं, प्रवीण? अन् आपण सारे हासलो. मीबी हासलो," शकुबाई म्हणाली. "आता आन गाडी. मले तुह्यावर भरवसा आहे. तुह्या गाडीवर तुले आहे का?"

प्रवीणनं स्टेअरिंग धरलं. इंजिन चालू होतं, गुरगुरत होतं. समोर उतार, उताराच्या टोकाला त्याची बायको आणि त्याची आई. दगड काढा म्हणायला त्याचं तोंड उघडेना. त्याचा पाय ब्रेकवर होता, आणि पायाखाली काही नाही हे त्या पायाला पुरतं ठाऊक होतं! ते काल ठाऊक होतं, परवाही ठाऊक होतं. तरीही त्यानं या गाडीत माणसं भरली होती. दुसऱ्यांच्या बाया, दुसऱ्यांची लेकरं, आणि स्वतःची पोरही!

त्यानं मान वळवून अश्विनकडे पाहिलं.

"तू उभा राह्यतो का, अश्विन? कागद तं तूच आनला."

अश्विन नकळत दोन पावलं मागं सरला.

"मोठेबाबा, तुमी?"

मुखरूबुवा धोतराचा सोगा सावरू लागले, वर आभाळाकडे पाहू लागले. गाडी चांगली आहे म्हणणाऱ्या, शकुन सांगणाऱ्या, पार्टी खाणाऱ्या त्या सगळ्या गर्दीतून एक माणूस पुढं आला नाही. एकही नाही!

प्रवीणनं चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

"उतरा सारे," तो म्हणाला. "चुकलं माह्यं. गाडी जागची हलनार नाई."

बाया गाठोडी घेऊन उतरल्या. एकदोघींनी उतरताना मयुरीच्या पाठीवरून हात फिरवला. कोणी नाराज झाले, कोणी पुटपुटले. मुखरूबुवा तर "बायकोच्या पुढं नांगी टाकली" असं बडबडत घरी गेले. बाकीची मंडळी एसटीनं मार्कंड्याला गेली. जत्रा झाली, दर्शन झालं, काही कोणाचं अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुकलू मिस्त्रीच सामान घेऊन गावात आला. मास्टर सिलिंडर बदललं, चारही चाकांचे लायनर बदलले, हँडब्रेकची वायर नवी टाकली. साउंड विकून प्रवीणनं टायर घेतले. मग अश्विनला न सांगता तो स्वतः गाडी घेऊन तपासणीला गेला. पहिल्यांदा त्याला परत पाठवलं, कारण मागचा एक दिवा लागत नव्हता. पूर्वीचा प्रवीण असता तर साहेबाच्या नावानं बोटं मोडली असती. पण तो म्हणाला, "बरं झालं साहेब, पाह्यलं तुमी." दिवा लावून पुन्हा गेला आणि कागद घेऊन आला. या वेळी तो मढवला नाही, इतर कागदांसोबत नुसता ठेवून दिला.

गाडी उतारावरून घेताना मयुरी त्याच्या शेजारी बसली होती. त्यानं एकदाच पाय टेकवला आणि जीप जागच्या जागी उभी राहिली. "लागला," प्रवीण म्हणाला. मयुरी रस्त्याकडे बघत राहिली. पण तिचे डोळे भरून आले होते. तिच्या एका प्रश्नाचं उत्तर मिळायला तिला स्वतःला गाडीसमोर उभं राहावं लागलं होतं.

अन् अश्विन? त्याचा धंदा अजून जोरात चालू आहे, कारण गिऱ्हाईक आपणच आहोत ना! घरबसल्या पासिंग झालं की आपणच चारचौघांत मिरवतो, ओळख आहे म्हणून. अरे, कोणाला फसवतो आपण? उतार कागद वाचत नाही. वळणावरची म्हैस सही-शिक्का पाहत नाही. भामरागडच्या घाटात असो की आरमोरीच्या बाजारात, गाडी थांबते ती ब्रेकनं, वशिल्यानं नाही. आणि घरातली बाई काही विचारत असेल, तर हसण्याआधी एकदा तिला उत्तर द्या.

तेव्हा मंडळी, जुनी गाडी जरूर घ्या, तिला हार घाला, नारळ फोडा. पण एवढं मात्र गाठीशी बांधा: ज्या गाडीसमोर आपलं माणूस उभं करायची आपली छाती होत नाही, त्या गाडीत दुसऱ्याचं माणूस बसवायचा आपल्याला हक्क नाही!