कढईवर झाकण

शिवणकाम करून पोट भरणाऱ्या त्या बाईंना सगळी गल्ली टाकेबाई म्हणायची. नवरा गेल्यापासून दोन खोल्यांत त्या एकट्याच. लेक परगावी, त्याचा फोन रविवारी यायचा, तोही घाईघाईचा. पण त्या दिवशी मधल्याच वारी, भरदुपारी फोन वाजला. टाकेबाईंनी नुकतंच बटाट्याचे काप तळायला तेल ठेवलं होतं.

"आई, जेवलीस?"

"बसतेच आहे रे. आज कसा काय फोन?"

"सहज."

टाकेबाईंचं काळीज सुपाएवढं झालं. त्या बाहेरच्या खोलीत पलंगावर जाऊन बसल्या. लेक नातीच्या पडलेल्या दाताचं सांगत होता. मध्येच करपल्याचा वास आला, तरी त्या उठल्या नाहीत. 'थांब, तेल बघून येते' म्हटलं, तर तो 'बरं, ठेवतो मग' म्हणेल, ही धास्ती.

दारातून काळा धूर आला तेव्हा मात्र फोन पलंगावर टाकून त्या आत धावल्या. कढई पेटली होती, जाळ वरच्या फळीला भिडायला बघत होता. हात आपसूक पाण्याच्या तांब्याकडे गेला.

नवरा जन्मभर आगीचा बंब चालवायचा, आणि घरी जेवताना रोज तेच पुराण लावायचा. "तेल पेटलं की पाणी नाही! पाण्यानं भडका उडतो. गॅस बंद, वर झाकण, आणि कढईला हात लावायचा नाही!" त्या हसून म्हणायच्या, "आधी जेवा, मग बंब काढा."

तांब्या खाली ठेवला. बटण फिरवून गॅस बंद केला. मोठं झाकण ढालीसारखं पुढे धरलं आणि आपल्या बाजूनं हळूच कढईवर सरकवलं. कडेनं जाळाची एक जीभ बाहेर आली, वळवळली आणि विझली. झाकण उचलून बघायचा मोह त्यांनी आवरला. खिडकी उघडली आणि भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या.

बाहेर येऊन फोन पाहिला, तर लेकानं तो ठेवून दिला होता. लेकाचा निरोप होता : 'तुझा आवाज येईना. कामाला बसतो. रविवारी बोलू.'

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले धापा टाकत दारात आले.

"धूर कसला हो, बाई?"

"तेल पेटलं होतं. विझवलं मी."

"भाजलं नाही ना? हात दाखवा बघू."

हात दाखवताना टाकेबाईंना एकदम रडूच कोसळलं. मनगटावरची लव तेवढी जळाली होती. चष्मेवाले ओशाळले.

"मुलाला कळवू का?"

"नको हो. उगाच घोर लागेल त्याला. मग गॅसच काढून न्यायला सांगेल."

"बरं. लागलं काही तर हाक मारा," म्हणून ते आपलं चष्म्यांचं दुकान उघडायला गेले.

कढई पार गार होईपर्यंत त्यांनी झाकणाला हात लावला नाही. दूधपाव खाऊन जेवण उरकलं. मग साबणाच्या फडक्यानं भिंतीवरची काजळी पुसून काढली. छतावरचा काळा डाग तेवढा राहिला. स्टुलावर चढलं असतं तर हात पोचला असता, पण स्टूल डगमगतं, खाली कुणीतरी धरायला हवं. टाकेबाईंनी फडकं पिळून वाळत घातलं आणि मशीनवर जाऊन बसल्या.