तुळजाबाईच्या हाताचं माप

"थांबू नका, बाई. मी इथं नाही असं समजून हात चालवा," बद्रीनाथ म्हणाला.

तुळजाबाईने मान वर केली नाही. पाठीमागे कुणी घड्याळ धरून उभं असताना तो माणूस तिथं नाही असं कसं समजायचं, हे तिला कळेना. तिने मुठीतला कापूस रुळावर पसरला. रूळ रुई ओढून घेत होता, सरकी खाली टपटपत होती. सगळ्या शेडमध्ये कापसाचा बारीक धुरळा भरला होता आणि त्यात बारा बायका बारा रेच्यांसमोर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांसमोर, बसल्या होत्या. आज बाकीच्या अकराजणींचे डोळे तिच्या हातावर होते.

बीडहून पालीकडे जाणाऱ्या वाटेवर राधाकिशन सेठचा हा कापसाचा कारखाना. मानमोडीच्या तापाच्या साथीत तुळजाबाईचा नवरा गेला, त्याच साली ती इथं लागली. शेजारच्या रेच्यावरच्या दगडाबाईने तिला काम शिकवलं. रुळापासून बोटं किती लांब ठेवायची, लुगड्याचा पदर कसा खोचायचा, सगळं. आता दगडाबाई थकली होती. तिच्या छातीत धुरळा बसला होता. मूठभर कापूस घातला की तिला खोकला यायचा, आणि खोकला थांबेपर्यंत रूळ रिकामाच फिरायचा. तुळजाबाईचा हात मात्र असा चालायचा की बघणाराला तो दिसायचाच नाही.

बद्रीनाथ सेठचा पुतण्या. मुंबईच्या गिरणीत काम शिकून आलेला. आल्या आल्या त्याने एक गोष्ट बदलली. पूर्वी साऱ्या रुईचा एकच ढीग व्हायचा. त्याने प्रत्येकीला वेगळं फडकं दिलं. आपली रुई आपल्या फडक्यात बांधायची आणि संध्याकाळी काट्यावर न्यायची.

दुपारच्या सुट्टीत त्याने तुळजाबाईला ओसरीवर बोलावलं. मुकादम शहादेव बाजूला उभा होता.

"सेठजींचा जालन्याला दुसरा कारखाना आहे, माहीत आहे ना?" बद्रीनाथ म्हणाला. "रेचे असेच, कापूस असाच. पण तिथं रुई दीडपट निघते. सेठजी म्हणतात, दोन कशाला चालवायचे? शुक्रवारी ते स्वतः येणार आहेत. त्या दिवशीच्या वजनावर ठरेल."

"काय ठरंल, मालक?"

"हा कारखाना राहतो की रेचे उचलून जालन्याला जातात ते."

"मग आमी काय करावं?"

"तुमच्यासारखं सगळ्यांनी केलं तर आपण जालन्याच्या पुढं जाऊ. तुमचा हात हेच आता या शेडचं माप. तुमच्या पाऊणपटसुद्धा जिचं होणार नाही तिला ठेवता यायचं नाही." मग तो म्हणाला, "बायकांवर एक मुकादमीण नेमायची आहे. तुमचं नाव मी सांगणार आहे."

ती परत आली तेव्हा बायका लिंबाखाली भाकरी सोडून बसल्या होत्या. शहादेवाने सगळं आधीच सांगून टाकलं होतं.

"मुकादमीण होनार म्हनं," छबुबाई म्हणाली. छबुबाई तिच्याच गल्लीतली. रोज दोघी बरोबर यायच्या.

"म्या कुटं व्हय म्हनलंय?"

"तू हात आखड, तुळजे," रहेमतबी म्हणाली. तिचा नवरा आजारी, घरात ती एकटी कमावती. "तू हळू केलं तर माप बी खाली येतंय. अल्ला की कसम, तुझ्यासारखं हमारे से न्हाई होत."

"आन आखडला तर जालन्याच्या म्हागं पडू. मग समद्याच घरी बसा," छबुबाई तडकली.

"तुझा हात चालतोय म्हनून बोलतीस तू!"

दोघींची जुंपली. कुणी रडू लागलं. शेवटी दगडाबाईने लुगडं झटकलं आणि म्हणाली, "कावून भांडताव? मला जाऊ द्या. म्या गेले की आकडा सुधरंल."

"तू गप बस, मावशे," तुळजाबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आज तू, उद्या रहेमत. मग छबू. हात काय जलमभर पळतोय व्हय कुनाचा?"

शुक्रवार उजाडेपर्यंत तिला नीट झोप लागली नाही. पहाटे वाटेवर तिने एकेकीला गाठलं.

"म्या हात आखडनार न्हाई," ती म्हणाली. "छबे, तू बी आखडू नकू. पर रुई आपल्याच फडक्यात बांधायची न्हाई. जिचं कमी तिच्या फडक्यात टाकायची. समदी मिळून भरपूर भरली पायजे, आन कुनाचंच कमी दिसाया नको."

छबुबाई थांबली. "सापडलो तर?"

"तर म्या बोलंन."

कारखान्याच्या फाटकापर्यंत छबुबाई दोन पावलं अंतर ठेवून चालली.

सेठ मोटारीतून आला. अंगात लांब कोट, डोक्याला पगडी. आधी तो इंजिनाकडे गेला. शेडमध्ये बद्रीनाथ फिरत होता. पट्टे सुरू झाले, रूळ फिरू लागले. तुळजाबाईने कापसात हात घातला तो वर काढलाच नाही जणू. घाम डोळ्यांत उतरत होता, पुसायला सवड नव्हती. धुरळा इतका दाटला की समोरची बाई धूसर दिसू लागली. तेव्हा ती वाकली, कवळाभर रुई उचलली आणि दगडाबाईच्या फडक्यात टाकली. मग रहेमतबीच्या. तिकडच्या टोकाला छबुबाई वाकून शेजारणीच्या फडक्यात रुई टाकताना तिला दिसली.

तिसऱ्यांदा ती रुई घेऊन उठली आणि तशीच उभी राहिली. बद्रीनाथ समोर होता.

त्याने तिच्या हातातल्या रुईकडे पाहिलं. दगडाबाईकडे पाहिलं. दगडाबाई खोकत होती, तिचा रूळ रिकामा फिरत होता. बद्रीनाथ काहीतरी बोलेल म्हणून तुळजाबाई वाट पाहत राहिली. तो वळला आणि दाराकडे गेला.

संध्याकाळी गाठोडी काट्यावर चढली. शहादेव वजन ओरडून सांगत होता. सगळ्याची बेरीज झाली तेव्हा सेठच्या भुवया वर गेल्या. जालन्याच्या बरोबरीला आकडा पोचला होता. बायकांनी एकमेकींचे हात दाबले.

मग सेठ हसला. "बद्री, बारा बायका आणि बारा गाठोडी सारखी? ही म्हातारी आणि ही तरणी, दोघींचा हात एकच?" त्याचं हसू गेलं. "कुणी केलं हे?"

इंजिन बंद झालं होतं, त्यामुळे दगडाबाईचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"नाव सांगत नसाल तर उद्यापासून शेडला कुलूप."

तुळजाबाईने बद्रीनाथकडे पाहिलं. तो काट्याकडे बघत होता. दगडाबाई पुढे सरकू लागली, तिला तिने हाताने मागे सारलं.

"म्या केलं, सेठजी."

"म्हणजे ही चोरीच."

"चोरी म्हनू नगा. रुई तुमचीच हाय, तुमच्याच काट्यावर हाय. येक बोंड बी भाईर गेलं न्हाई."

"मग केलंस कशाला?"

"समद्या मिळून किती करत्यात ते बगा म्हनलं. येकीयेकीला मोजलं की येकीयेकीला काढताव तुमी."

सेठने पगडी सारखी केली. मग मोटारीकडे जाता जाता म्हणाला, "शेड चालू राहील. ही बाई नको."

बद्रीनाथ तिच्याजवळ आला. त्याचे ओठ हलले, पण सेठने हाक मारली तसा तो गेला.

तुळजाबाई पालीला अर्जुनरावांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागली. पंधरवड्याने आठवड्याच्या बाजारात रहेमतबी भेटली. भेटताच तिने तुळजाबाईचं मनगट धरलं.

"कारखाना चालू हाय. पर समद्यांचं मिळून माप तेच ठेवलंय गे, तू होतीस त्या शुक्रवारचं. तू न्हाईस आन तुझी रुई बी भरायची हाय. आमी मरतो रोज." तिने मनगट अजून सोडलं नव्हतं. "दगडाबाई चार दिसांत काम सोडून गेली. कुनी काडली न्हाई. आपनच उठली रेच्यावरून."

"आन मुकादमीण?"

"छबू." रहेमतबीने मान खाली घातली. "लई वाईट न्हाई. आमच्यावर वरडताना रडती कदीकदी."

त्या रात्री तुळजाबाईला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी शेतावर जायच्या आधी ती दगडाबाईच्या घरी गेली. दगडाबाई बाजेवर बसली होती.

"चल," तुळजाबाई म्हणाली.

"मला कोन ठेवतंय आता?"

"शेतात धुरळा न्हाई. चल तू."

अर्जुनरावांनी म्हातारीकडे पाहिलं, मग तुळजाबाईकडे, आणि हाताने रानाकडे खूण केली. दोघी शेजारशेजारच्या ओळीत उतरल्या. ऊन कोवळं होतं, बोंडं फुटून लोंबत होती. तुळजाबाईचे हात सवयीने पळू लागले आणि पाहता पाहता तिची ओळ संपली. मागे वळून पाहिलं तर दगडाबाई अजून अर्ध्यावरच होती, एकेक बोंड निगुतीने सोडवत.

तुळजाबाईने नवी ओळ धरली नाही. ओटीतला कापूस सावरत ती बांधावर बसली आणि दगडाबाई येईपर्यंत तिथंच थांबली.